उचलणारा पेंगतोय

...अहो, पण मी खात काय होतो? काहीच नाही! तुम्हाला सांगतो, कारखान्याच्या छताला लागून माझी क्रेनची केबिन, शिडी चढताना पोट आधी पोचतं आणि मागून मी, म्हणून म्हटलं, जेवणच सोडायचं. डबा बंद. नुसता चहा. खालून बादलीत कुणीतरी ठेवायचा, वरून मी दोरी ओढायचो. सोबत दोन बिस्किटं... बरं, चार. दिवसभर बादली वर-खाली, वर-खाली. पण ते काय खाणं झालं?

आणि वजन? वाढतंय! खाली भट्टी धगधगतेय आणि वर मी स्वेटर घालून कुडकुडतोय. थायरॉइडची गोळी चालू, तरी डोळे मिटतायत. बायको म्हणे, "तुम्ही वर झोपायलाच जाता." आणि एक दिवस खरंच... लोखंडाचा गठ्ठा हवेत, खाली माणसं, आणि माझी मान छातीवर. भोंगा वाजला म्हणून जागा झालो. कुणाला काही झालं नाही, पण चूक माझीच, खोटं कशाला सांगू.

फोरमन एवढंच म्हणाला, "उतरा खाली. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच वर."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाता काय?" म्हटलं, काहीच नाही. "आणि पिता?" ...आली का पंचाईत! मग म्हणाल्या, "गोळीतलं हार्मोन म्हणजे गोदामात आलेला माल. तो वापरण्याजोगा करायचं काम यकृतात वगैरे चालतं. तुम्ही उपाशी राहिलात की शरीराला वाटतं दुष्काळ पडला, ते काटकसरीला लागतं, काम मंदावतं. त्यात दिवसभर साखर. इन्सुलिन हाका मारतंय, पेशी ऐकत नाहीत, त्यानंही त्या कामात खोडा पडू शकतो. माल आहे हो, उचलणारा पेंगतोय."

म्हणजे आतल्या क्रेनवरसुद्धा मीच! घरी येऊन विचार करत बसलो. ज्याच्या जिवावर सगळं चालतं त्यालाच उपाशी मारायचं, आणि वर चारचौघांत मिरवायचं, काहीच खात नाही म्हणून.

आता वेळेवर पोटभर जेवतो, चहा बिनसाखरेचा, गोळी चालूच. दिवसाची पेंग गेली, पण पुढच्या तपासणीपर्यंत मुक्काम जमिनीवर. वर केबिनमध्ये कोण? माझा मेहुणा. बादली कोण भरतं? मी. काल ओरडून म्हटलं, "अरे, उतर, जेवून घे!" वरून उत्तर, "नको भाऊजी, पोट सुटलंय, डबा बंद केलाय. चहा पाठवा, साखर सढळ हातानं!"

क्रेनखाली माणसं होती हो. चहाऐवजी माझाच डबा बादलीत ठेवला. त्यानं वर ओढला आणि अख्खा फस्त केला. आणि मी काय खाल्लं म्हणता?

...काहीच नाही.