जीपवरचा माळा

नंदाबाई : मी जरा पेंगले काय, अन् तुम्ही गाडी उलटीच घातली. आपुन राजूरकडं निघाल्तो ना? हे कुठलं गाव?

धर्मराज : राजूर उद्या. भोकरदन, अजिंठा सगळं उद्या. आजचा मुक्काम इथं. शिडी धर, मी पट्टे सोडतो.

नंदाबाई : धरते, पर आधी गाव सांगा.

धर्मराज : माझ्या नोकरीचं पहिलं गाव. समोर तो उंच ओटा दिसतो ना, तो अप्पारावचा. तीस वर्षांत त्याचा एक दगड हलला नाही.

नंदाबाई : अप्पाराव म्हंजी त्यो पाण्यावाला? अहो, बुद्धगयेला निघालो म्हणून सगळ्या आळीनं हार घातले आपल्याला. पौर्णिमेला पोचायचं हाय. अन् पह्यल्याच दिवशी गाडी त्याच्या दारात?

धर्मराज : दारात नाही. सरकारी रस्त्यावर आहे. पावलं टाकून मोजलं मी. चारी चाकं रस्त्यावर, आणि तंबूचं तोंड ओट्याकडं. आता फळी उघडतो. अर्धी फळी टपाच्या बाहेर येईल. तिला टेकू कशाचा?

नंदाबाई : शिडीचा. दहा डाव शिकवलंय. मी काय तुमच्या चौथीतली पोरगी हाय?

धर्मराज : चौथीतली पोरगी शिडी सरळ धरते. थोडी तिरपी कर. हां, बराबर. भुजंगानं काम चोख केलं.

नंदाबाई : माझा भाऊ दोन महिने खपला ह्या तंबूसाठी. मिल्ट्रीचं कापड कुठून कुठून आणलं त्यानं. ते काय असल्या कामासाठी?

धर्मराज : कशासाठी ते तूच म्हणाली होतीस. धर्मशाळेत आधी नाव विचारतात, मग गाव, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली भरलेली असते. मागच्या खेपेला अजिंठ्याला त्या गोऱ्या जोडप्याची मोटार बघून तूच बोट केलं होतंस, की टपावर असं घर असलं म्हणजे कुणाला जागा मागायला नको.

नंदाबाई : व्हय, मागायला नको म्हणून. अन् तुम्ही तर आज मागायलाच आलात.

धर्मराज : मागायला नाही आलो. परत द्यायला आलो.

नंदाबाई : काय परत द्यायला?

धर्मराज : पाणी. वर ये, इथून बघ. माझे पाय कुठं लोंबतात बघ. अप्पारावच्या ओट्यापेक्षा वर. तो ओट्यावर उभा राहिला तरी त्याला मान वर करावी लागेल, आणि रस्त्यावर आला तर विचारूच नको.

नंदाबाई : तुम्ही हे घरूनच ठरवून आल्ता.

धर्मराज : भुजंगानं टपावर पहिली फळी ठोकली त्या दिवशी ठरवलं. मी त्याला म्हटलं, अजून एक वीत उंच घे. तो म्हणाला, दाजी, वारं धरेल. म्हटलं, धरू दे.

नंदाबाई : मला अर्धंच सांगितलंय तुम्ही. पाणी पाजलं वरून, इतकंच.

धर्मराज : निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं होतं. नेमणुकीचा हुकूम हातात, उर्दूत लिहिलेला. घनसावंगीहून चालत आलो, असंच ऊन होतं. शाळा कुठं म्हणून विचारलं, तर पोरं पुढं धावत मला ह्या ओट्यापाशी घेऊन आली. मी पाणी मागितलं. अप्पाराव वर उभा राहिला, म्हणाला, ओंजळ कर. हुकूम काखेत धरला आणि ओंजळ केली. त्यानं तांब्या इतका वर धरला की धार ओंजळीत कमी आणि अंगावर जास्त. हुकूम भिजला. शाई वाहून सदऱ्यावर आली.

नंदाबाई : अन् पोरं?

धर्मराज : हसली. उद्यापासून ज्यांना शिकवायचं, ती पोरं. पुढं दोन वर्षं मी फळ्याकडं तोंड केलं की मागं कुणीतरी ओंजळ करून दाखवायचं. मी अ, आ, ई शिकवत होतो, पण पहिला धडा त्यानं शिकवून ठेवला होता. तो काही मला पुसता आला नाही.

नंदाबाई : एवढी पोरं जमली बघा खाली आपली गाडी बघायला. अन् त्यो काठी टेकत कोन येऊन राह्यला?

धर्मराज : तोच. वाकलाय पार. पेला दे मला, घोटभर पितो आधी.

नंदाबाई : हा घ्या. उष्टा हाय माझा.

धर्मराज : राहू दे मग, तूच पी. लोटा इकडं सरकव. तो लागेल.

अप्पाराव : ए, कोन हाय रे वर? जीपवर माळा बांधला का? पाखरं राखायची असतील तर शेतात जा. हितं रस्त्यावर कोनती ज्वारी हाय?

नंदाबाई : माळा न्हाई, तंबू हाय. झोपायचा.

अप्पाराव : झोपायचा? मोटारीच्या डोस्क्यावर? खाली जिमीन कमी पडली का तुमाला?

धर्मराज : ह्या गावात कमी पडली होती, अप्पाराव. कोंडवाड्यात झोपलो होतो मी, एका मारक्या बैलाशेजारी. म्हणून आता बरोबरच आणलीय.

अप्पाराव : कोंडवाड्यात? थांबा थांबा. तुम्ही... साळवे मास्तर?

धर्मराज : धर्मराज साळवे. ओळखलंत.

अप्पाराव : बिलकुल वळखलं. म्हातारे झाले की वो मास्तर. लई पोरं शिकवली तुम्ही. आमचा मधला साखर कारखान्यात लागला, अंकुशनगरला, तुमच्याच हाताखालचा. या ना, ओट्यावर टेका. घरात न्हाई कोन, समदे राजूरला गेलेत गणपतीला. कुलूप लावून गेले अन् चाबी बी घेऊन गेले. मी खळ्यावर व्हतो, गव्हाची उपननी चालू हाय.

धर्मराज : ओट्यावर टेकू? तुमच्या?

अप्पाराव : मंग? आता काय पह्यल्यासारखं राह्यलं न्हाई. ओट्यापोतर चालतंय.

नंदाबाई : ओट्यापोतर.

धर्मराज : मी इथं आलो त्या दिवसाचं काही आठवतं का तुम्हाला?

अप्पाराव : तुम्ही आल्ते ते आठवतंय. उन्हाचे आल्ते, घामाघूम. म्या पानी पाजलं.

धर्मराज : कसं पाजलं?

अप्पाराव : कसं म्हंजी? जसं पाजायचं तसं. उन्हाचं आलेल्याला पानी पाजलं, पुण्य केलं. त्याचा बी गुन्हा झाला का आता?

नंदाबाई : ऐकलं? त्याच्या खात्यावर पुण्य जमा हाय ते.

अप्पाराव : बाई, तुम्ही... हं... थांबा, ठसका... भूस गेलंय घशात सकाळपून...

नंदाबाई : अहो, पाणी द्या आधी त्यांना. बोलणं मागून.

धर्मराज : देतो की. त्याच्यासाठीच आलोय. अप्पाराव, ओंजळ करा.

अप्पाराव : आँ?

धर्मराज : ओंजळ. मी वरून ओततो. अंगावर पडलं तर बोलायचं नाही. मी बोललो नव्हतो. आणि पोरांनो, मागं सरकू नका, पुढं या. नीट बघा.

नंदाबाई : अहो, तुम्ही मास्तर हाय का कोन?

धर्मराज : तू मध्ये पडू नको. तीस वर्षं हा लोटा भरलेला आहे माझ्यापाशी.

अप्पाराव : घ्या, केली ओंजळ. काठी ठिवली खाली. ओता.

नंदाबाई : लगेच केली की.

धर्मराज : काहीच वाटत नाही तुम्हाला?

अप्पाराव : काय वाटायचं? उलट बरं झालं. भांड्याला त्वांड लावायला नगं. तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. बराबर रीत हाय. ओता जल्दी, हात भरून येऊन राह्यले.

नंदाबाई : घ्या. तीस वर्षं चारापाणी करून बैल सांभाळला, अन् सोडल्याबरूबर त्यो त्याच्याच गोठ्यात गेला.

धर्मराज : पोरं हसताहेत.

नंदाबाई : हसणारच. म्हातारा वाकून उभा हाय, अन् वर बसलेला मास्तर लोटा धरून ऱ्हायलाय. तुम्हीच म्हणला ना, नीट बघा म्हणून. शिकली ती. ओता की आता, थांबला कशाला?

धर्मराज : तेच हसणं आहे, नंदा. अगदी तेच.

अप्पाराव : ओताया न्हाई का मास्तर?

धर्मराज : नाही. ओंजळ सोडा, अप्पाराव. चूक माझी झाली. नंदा, तुझा पेला दे. विसळू नको, आहे तसा दे.

नंदाबाई : उष्टा?

धर्मराज : उष्टाच पाहिजे. भर काठोकाठ. हा बघा, अप्पाराव. स्टीलचा आहे. मी रिटायर झालो तेव्हा पोरांनी दिला. नाव घातलंय त्याच्यावर. सौ. नंदाबाई धर्मराज साळवे. दोन पायऱ्या चढा, हातात घ्या, तोंड लावा आणि प्या.

अप्पाराव : त्यो... धुतला न्हाई?

धर्मराज : नाही. बाई आत्ताच प्यायल्यात.

अप्पाराव : मास्तर, ह्या उमरीत कशाला मला... मी ओंजळीनं पितो म्हनलं ना. अजून वाकू का? वाकतो.

धर्मराज : वाकू नका. सरळ उभं राहून, माणसासारखं प्यायचं. एवढंच मागणं आहे.

अप्पाराव : पोरायसमोर?

धर्मराज : पोरांसमोरच.

अप्पाराव : ह्यातली दोन माझी नातवंडं हायेत. मोठ्याची. शाळा हाय म्हून शेजारी केशरबाईकडं ठिवलीत.

धर्मराज : त्यांना पुढं उभं करा.

नंदाबाई : अहो, ठसका वाढून ऱ्हायलाय त्यांचा. डोळ्यातून पाणी आलं बघा.

धर्मराज : पाणी त्याच्यासमोर आहे. मी अडवलेलं नाही.

अप्पाराव : जातो मी. केशरबाईच्या घरी पितो. चार घरं टाकून तर हाय. माझी काठी कुठं गेली?

नंदाबाई : तुमच्या पायापाशी हाय. हळू जा.

धर्मराज : जा. पेला मी शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर ठेवतो. भरलेला. रात्रभर राहील तिथं.

अप्पाराव : तुम्ही चांगले व्हते, मास्तर. गाव तुमचं नाव काढतं.

धर्मराज : नाव पेल्यावर आहे. वाचून बघा.

नंदाबाई : गेला. खोकतच गेला. मिळालं तुम्हाला काही?

धर्मराज : अजून नाही.

नंदाबाई : बुद्धाच्या पायाशी हेच घेऊन जाणार का पोटात?

धर्मराज : इथं टाकायला थांबलोय की. टाकलं जात नाही, त्याला काय करू? भाकरी सोड.

*(सकाळ. उजाडतं आहे.)*

नंदाबाई : अहो, उठा. पेला शिडीवर न्हाई.

धर्मराज : मांजरानं पाडला असेल.

नंदाबाई : मांजर काठी टेकत चालतं का? खाली धुळीत बघा. शिडीपासून ओट्यापोतर काठीची भोकं हायेत.

धर्मराज : मग पेला कुठंय?

नंदाबाई : त्याच्या ओट्याच्या कडंला. मी खाली जाऊन बघून आले. ओला हाय अजून. धुतलाय. अन् पालथा घातलाय.

धर्मराज : पालथा?

नंदाबाई : घनसावंगीच्या हाटेलात आपल्या लोकांना ठेवायला लावायचे ना, तसा. पिऊन, आपल्या हातानं धुऊन, बाजूला पालथा. तुम्हीच सांगत व्हता मला.

धर्मराज : ते त्याला माहीत असणार. त्या हाटेलात तो आतल्या बाकड्यावर बसायचा.

नंदाबाई : मंग झालं. प्याला त्यो. तुमच्या बायकोच्या उष्ट्या पेल्यातून प्याला.

धर्मराज : कुणी बघितलं?

नंदाबाई : म्या न्हाई. तुम्ही?

धर्मराज : कुणीच नाही. मी पोरांसमोर म्हटलं होतं.

नंदाबाई : सत्तरीचा माणूस अंधारात का व्हईना, शिडी चढला. घरचे यायच्या आत. तेवढं पुरं धरा. कुठं हाय त्यो आता?

धर्मराज : खळ्यावर गेला असेल. नाहीतर कुठूनतरी बघत असेल, आपण कधी जातो म्हणून.

नंदाबाई : जाऊ मंग. तंबू उतरवा, मी पेला घेऊन येते.

धर्मराज : पेला राहू दे.

नंदाबाई : माझा पेला? पोरांनी दिलेला?

धर्मराज : लोट्यानं पिऊ वाटेत.

नंदाबाई : अन् निघायचं?

धर्मराज : जरा थांब. सकाळची शाळा आहे. घंटेच्या आधी सगळी पोरं ह्या ओट्यावरून जातात. पालथा पेला कोण ठेवतं ते गावात पोरांना शिकवावं लागत नाही. काल पेला कुणापुढं धरला ते त्यांनी बघितलंय. आणि नाव वाचता येतं त्यांना.

नंदाबाई : आडनावासकट.

धर्मराज : आडनावासकट.

नंदाबाई : अन् पोरं यायच्या आत त्यानं येऊन पेला उचलला, घरात नेऊन लपवला तर?

धर्मराज : नेऊ दे. साळव्यांचा पेला ओट्यापोतर आला होता, आता घरात जाईल.