प्रभू आला की बास गायब

रुपाली : तुमचा काहीतरी घोळ होतोय, टीचर. आमचे बाबा मंगळवारी आणि शुक्रवारी गिरगावात जातात ते गुडघ्याच्या व्यायामाला.

टीचर : गुडघ्याच्या? आमच्या खोताच्या वाडीत तर दोन-दोन तास उभे राहून गातात.

रुपाली : गातात? गणपत साळसकर?

टीचर : पेपरच्या मागे बसलेत तेच ना?

गणपत : गुडघ्याला फरक आहे. त्यात खोटं काही नाही.

रुपाली : बाबा, पेपर खाली. काय गाता तुम्ही?

गणपत : असंच. सीझनप्रमाणे.

टीचर : नाताळची गाणी गातात. आमच्या ग्रुपमध्ये बास आहेत ते, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज. चोवीसला चर्चमध्ये कार्यक्रम, आज एकवीस. फोन उचलत नाहीत म्हणून परळपर्यंत आले मी.

रुपाली : चर्चमध्ये?

गणपत : आवारात. मांडव घालतात बाहेर.

रुपाली : तीस वर्षं गावच्या गणपतीला गेला नाहीत. शेजारच्यांनी सत्यनारायणाचा शिरा दिला की "शिरा म्हणून खातो, प्रसाद म्हणून नाही" असं त्यांना तोंडावर सांगून खायचात!

गणपत : शिरा चांगला करायचे ते.

रुपाली : टीचर, हे सुरू कसं झालं?

टीचर : गेल्या वर्षी माझ्या जिन्याचं काम काढलं. रे रोडच्या वखारीतून यांना पाठवलं. खाली आमची प्रॅक्टिस चालू, वर हे रंधा मारतायत, आणि मारता मारता खालचा सूर लावतायत. अगदी बरोब्बर! मला राहवेना, मी खालून ओरडले, "बास! बास!" तर हे हत्यारं पिशवीत भरून निघाले.

गणपत : बाईमाणूस बास म्हणाली की माणूस थांबणारच.

टीचर : वाडीच्या तोंडाशी गाठलं मी यांना. पण थांबायची सवय काही गेली नाही. हे ऐक तू.

(टीचर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावतात. तिघंही ऐकतात.)

रुपाली : छान आहे की! हां, पण आता मध्येच पायरी चुकल्यासारखं काय झालं?

टीचर : प्रभू आला. प्रभू आला की बास गायब. देव आला, गायब. तारणारा आला, गायब. एका गाण्यात नऊ वेळा.

गणपत : जे मानत नाही ते म्हणत नाही. तेवढ्यापुरतं तोंड मिटतो. बाकी मेंढरं, गाढव, चांदणी, थंडी, सगळं मनापासून गातो.

टीचर : मी म्हटलं, ठीक, तिथे नुसता 'आ' लावा. तर शुक्रवारी यांनी 'मजूर' लावला.

रुपाली : मजूर?

गणपत : मात्रा जुळतात. आणि सुताराचाच मुलगा ना तो?

टीचर : मला पटतं हो. पण "मजूर आला, मजूर आला दारी" म्हटल्यावर लोकांना वाटणार, टाकीचं काम निघालं. आणि फादर पहिल्या रांगेत असतात.

रुपाली : पण मानतच नाही तर जाता कशाला, बाबा?

गणपत : आवडतं.

रुपाली : काय आवडतं?

गणपत : चार तऱ्हेचे आवाज असतात गो. प्रत्येकाचं वेगळं चाललेलं, तरी सगळ्यांचं मिळून एक. मिल बंद पडल्यापासून चार माणसांचं असं जमलेलं मी बघितलं नव्हतं. मी खाली आणि वरचे सगळे माझ्या आवाजावर उभे. कधी कधी डोळ्यांत पाणी येतं माझ्या. त्यात देवाचा काही संबंध नाही. सूर काय कोणाच्या बापाचे नसतात.

रुपाली : हे मी तुम्हाला सांगितलं होतं. सातवीत असताना.

गणपत : काय सांगितलं होतंस?

रुपाली : मंडळाच्या आरतीला मी झांज वाजवायचे. चार दिवस वाजवली. पाचव्या दिवशी तुम्ही युनियनच्या मीटिंगहून आलात, सगळ्यांसमोर माझ्या हातातनं झांज काढून घेतलीत आणि मला घरी आणलंत. जिन्यात मी रडत रडत सांगत होते, मी देवासाठी नाही वाजवत, मला वाजवायला आवडतं. तुम्ही म्हणालात, असं काही नसतं.

टीचर : मी निघते. माझं काम काही अर्जंट नाही.

रुपाली : तुम्ही बसा हो. पुढचे सगळे दिवस मी खिडकीत बसून मांडीवर ताल धरायचे. माझ्या जागी मृणालिनीला घेतलं होतं. एक मात्रा मागे असायची. विसर्जनापर्यंत मागेच होती.

गणपत : टीचर, माझं नाव काढा. चोवीसला मी येत नाही.

रुपाली : का? कोणाला काही आवडलं की बंद करायचं, हे एवढंच येतं का तुम्हाला?

गणपत : मग काय करू?

रुपाली : जा आणि गा. मी येईन ऐकायला.

गणपत : तत्त्वाचा प्रश्न होता तो. माझ्याबरोबरचे किती जण बघितले मी. आधी नुसते आरतीला उभे राहिले, मग हात जोडले, मग युनियनमध्ये यायचे बंद झाले. तू पण तशीच जाशील, याची भीती वाटायची मला.

रुपाली : मी कुठे गेले तशी? मी तरी कुठे मानते काही? पण स्वतःला तुम्ही सवलत दिलीत. नको तो शब्द आला की तोंड मिटायचं, बाकीचं खुशाल गायचं. मला नाही दिलीत.

गणपत : तुला कशी देणार होतो? पूर्ण आरतीच ती.

रुपाली : झांजेला शब्दच नसतात, बाबा.

टीचर : गणपतराव?

गणपत : प्रभूच्या जागी 'आ' लावतो, टीचर. मजूर नाही लावत.

टीचर : चालेल. तेवढंच सांगायला आले होते.

गणपत : रुपा.

रुपाली : काय?

गणपत : चुकलं माझं.

रुपाली : सत्तावीस वर्षांनी सांगताय.

गणपत : गेल्या वर्षापर्यंत मी कधी गायलो नव्हतो.