सहीला कोण आलं

हॅलो?… हां. बोल, ताई.

नाही, ओरडत नाहीये. माझा आवाज आता असाच आहे.

किती वाजले बघ जरा… सव्वासहा. बालकल्याण समितीसमोर कितीला बोलावलं होतं? अकराला. आणि तू आत्ता विचारतेस, काय झालं म्हणून!

हो, वाचला ना मेसेज. 'अंगात कणकण आहे, जमणार नाही.' दहा चाळीसला आला. मी तिथे बाकड्यावर शेजारी पर्स ठेवून तुझी जागा धरून बसलेली. दोन जणांना उठवलं मी तिथून, माझी बहीण येतेय म्हणून!

नाही… थांब… ऐक ना. पाच महिने सगळे बोलले, मी ऐकलं. आज मी बोलणार.

काय मागितलं होतं त्यांनी? माझ्याशिवाय घरचं एक मोठं माणूस. मी आजारी पडले, कामावर अडकले, तर मुलांकडे बघेल असं. एक सही. किडनी नव्हती मागितली ताई, सही मागितली होती.

भाऊजी काय म्हणाले ते मला नको सांगूस. भाऊजींची सही नव्हती हवी.

मी काय केलं नाही ते सांग. बारा शनिवार पालकांच्या वर्गाला बसले. दोन मुलं वाढवलेली बाई मी, आणि विशीतली एक पोरगी मला बाहुलीला आंघोळ घालायला शिकवतेय. घातली. बाहुलीच्या कानामागेसुद्धा पुसलं. गॅसला कुलूप लावलं. खिडक्यांना जाळ्या बसवल्या. दर बुधवारी एक तास भेट, आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेली बाई. धाकट्याचं नाक पुसलं… लिहिलं. मोठी रडली… लिहिलं. पुढच्या बुधवारी रडली नाही, तर तेही लिहिलं!

चूक? हो, माझीच चूक. कोण नाही म्हणतंय? मुलांना सांभाळायच्या त्या खालच्या आजींना अचानक दवाखान्यात नेलं, माझी दुपारची पाळी, तीन ते नऊ. पोरांना कुणाकडे टाकू? त्यांच्या बापाचा पत्ता मला तरी कुठे माहीत आहे! ठेवलं दोघांना घरात. मोठीने भावासाठी दूध तापवलं आणि हात भाजून घेतला. सात वर्षांची आहे गं ती. तो पहिला दिवस नाइलाजाचा होता. पण हाताला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशीही मी त्यांना एकटं सोडून गेले, ते माझं. शाळेच्या बाईंनी फोड बघितला, बालकल्याणला कळवलं, आणि मी रात्री घरी आले तर टेबलावर एक कागद. मुलं नाहीत. कागद!

तुला तेव्हाही फोन केला होता मी. आठवतंय? 'दोन दिवस येतेस का?' म्हटलं होतं, आजींना नेलं त्याच दिवशी. तू म्हणालीस, सोफ्याचं कापड बदलायला माणूस येणार आहे.

…रडू नकोस. मला राग आलाय, मला रागावू दे नीट.

काय?… परत बोल…

हां. हे खरं बोललीस. तुझ्या मुलांचीही चौकशी करतील, तुझ्याही घरी येतील, म्हणून घाबरलीस. मग हे पंधरा दिवस आधी बोलायचं ना! कणकण कशाला? मी दुसरं कुणी शोधलं असतं. दारोदार फिरले असते.

सांगते काय झालं. अध्यक्षबाईंनी विचारलं, 'जबाबदार नातेवाईक कुठे आहेत?' काय सांगू? त्या फाइल मिटायला लागल्या. म्हणाल्या, पुढची तारीख दीड महिन्याने. ताई, अजून दीड महिना! मी उभी राहिले.

आणि मागून कोण उठलं माहितेय? इस्त्री!

अगं इस्त्री म्हणजे आमची सुपरवायझर. दवाखान्याच्या धुलाईतली. तीच, जिला मी तुझ्यापाशी शिव्या घालायचे. चेहऱ्यावर एक सुरकुती हलत नाही म्हणून सगळ्या तिला इस्त्री म्हणतो. माझी पाळी सकाळची करून दिल्याचं पत्र घेऊन आली होती, पत्र देऊन जायचं होतं तिला. उठली आणि म्हणाली, 'कुठे करायची सही?'

अध्यक्षबाई म्हणाल्या, तुमचं नातं काय? ही म्हणते, 'नातं काही नाही. आम्ही दोघी चादरींच्या घड्या करतो. चार वर्षं समोरासमोर.' …हसू नकोस, तिथे कुणी हसलं नाही. 'रोज संध्याकाळी घरी जाऊन बघेन,' म्हणाली. पत्ता दिला, ओळखपत्र दिलं. अर्धा तास उलटसुलट विचारलं तिला. ही ढिम्म.

हो… अगं हो. घरी आहेत. दोघंही. चारला आणलं. तीन महिने तपासणीला येतील कधीही, पण घरी आहेत.

नाही, आनंद झालाय गं. पण मला वाटलं होतं धावत येतील… धाकटा 'आई' म्हणून ओरडला ना, तर मी हात पसरले. तो मागे, पाच महिने ज्यांच्याकडे होता त्या सांभाळणाऱ्या बाईंना हाक मारत होता. चांगल्या आहेत त्या. त्याची आवडती पांढरी चादर धुऊन दिली बरोबर. राग यावा असं काहीच केलं नाही त्यांनी, म्हणून जास्त राग येतो.

आणि मोठी… दोन तास झाले, बूट काढत नाहीये. दप्तर मांडीवर. मघाशी विचारलं, 'आई, मी फ्रिज उघडू का?' स्वतःच्या घरात, ताई! कुणाच्या नावाने बोटं मोडू मी? त्यांच्या? तुझ्या? का आरशात बघू?

नाही, आज नको बोलूस तिच्याशी. आज नाही.

ये ना रविवारी. ये म्हणतेय ना. पण रागावलेलीच सापडेन मी. चहा देईन, पण रागावलेलीच—

थांब, बेल वाजली. इस्त्री असेल, रोज येणार म्हणालीय ना… अगं, ही कुठे पळाली? …ए राणी! …धाकट्याला ओढून बाथरूममध्ये घुसली. आतून कडी घातली.

अहो बाई, जरा बाहेरच थांबा! उघडते, दोन मिनिटं!

राणी, कडी काढ… कुणी न्यायला नाही आलंय… काय?… काय म्हणतेस?

ताई… ताई, ती म्हणते, 'मी आता दार उघडणार नाही.' अगं, न्यायला आले त्या दिवशी दार हिनेच उघडलं होतं. बरोबर आलेल्या शाळेच्या बाईंचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून. पाच महिने ही… पाच महिने ते लेकरू…

नाही, तू बोलू नकोस. गप्प राहा.

राणी, इकडे कान दे. तू दार उघडलंस म्हणून नाही नेलं. मी घरी नव्हते म्हणून नेलं. माझ्यामुळे. तुझ्यामुळे नाही. ऐकू आलं?… परत सांगू? माझ्यामुळे. कितीही वेळा सांगते, बाळा. मी इथेच बसलेय, फरशीवर.

…हं. दारापाशी आली.

ताई, कडी वाजली. ठेवते.