सुमनचे एकवीस भाऊ

मी मूळची निपाणीची, तंबाखूच्या वासात वाढलेली, लग्न होऊन बेंगळूरला आले, आमचे हे कारखान्यावर वॉचमन. दोन पोरी, थोरली सुमन. ब्याण्णवच्या सुमाराला काय झालं बघा, इलेक्ट्रॉनिक सिटीत पोरं यायला लागली, पुण्याची, नागपूरची, सोलापूरची, नुसता लोंढा. अंगात इस्त्रीचा शर्ट आन पोटात कावळे. मी दोघांना पिठलं-भाकरी घातली, महिन्यात एकवीस झाले, खानावळच झाली की. सरकार भिंतीवर लिवतंय, पोरं लई झाली, दोन पुरेत. मी म्हनलं, होऊ द्या की बाबा, माझी चूल त्यांच्यावरच पेटलीया.

सुमन लग्नाची झाली. हे म्हनले, स्थळ बघायला गावाकडं कधी जायचं? म्हनलं, गावाला कशाला, जावई रोज दारात ताट घेऊन बसतोय, निवडायचा तेवढा उशीर. पण काय सांगू तुम्हाला, माझी अक्कल चरायला गेलती. राखीपुनवंला नागपूरचा पोरगा जेवता जेवता रडायला लागला, बहिणीची राखी आली न्हाई म्हणून. मला भरून आलं. म्हनलं, सुमे, बांध गं त्याला. तर बाकीच्यांनीबी हात पुढं केले! सुमननं सगळ्यांना बांधली आन मी खुशीत लाडू वाटत बसले. भांडी घासताना डोक्यात उजेड पडला, अगं बया, एकवीसच्या एकवीस जावई गेले की!

मग चिकोडीचं स्थळ आलं, मुलगा शाळामास्तर, गरीब सोभावाचा. पोरगी बघायला आले तर हे एकवीस भाऊ भिंतीला टेकून रांगेत. जन्मभर इंटरव्ह्यू दिलेली पोरं, आता घ्यायला मिळाला, सोडतात व्हय? एक विचारतो, पाच वर्षांनी कुठं असाल? मास्तर म्हनला, शाळेतच. दुसरा म्हनतो, आधीची नोकरी का सोडली? ही पहिलीच हाय, म्हनला. त्याचे वडील चप्पल शोधायला लागले, मोडलं म्हनलं आता. तर मास्तरनं चष्मा पुसला आन म्हनला, आता मी विचारतो, तुमच्यात भाकरी कुणाला थापता येते? एकाचाबी हात वर न्हाई. मला येते, म्हनला, आई न्हाई मला. पोरं मला म्हनली, अक्का, सिलेक्ट!

लग्नात पंगत त्यांनीच वाढली. नागपूरवाला इथली कानडी मिसळून म्हनला, अक्का, तुमी स्वल्प बसा, जरा दम घ्या. मला पाटावर बसवलं, आणखी वाढू का विचारलं. इतकी वर्षं मीच विचारत आले हो. रडत रडत दोन जिलेब्या जास्त खाल्ल्या.

ती पोरं आता पांगली, कोण अमेरिकेत, कोण कुठं, देव त्यांना पोटभर देवो. नवी तीस आलीत. धाकटीबी आता लग्नाची झालीया, म्हणून राखीपुनवंला मी खानावळीला कुलूप लावते. त्या दिवशी पोरांनी खुशाल सांबार खावं.