उशिरावर चालणारं मंडळ

नाही, तुम्हीच सांगा, माणसं वेळेवर यायला लागली तर मंडळ चालायचं कसं? आमचं सेवा मंडळ, चाकांच्या चार खुर्च्या, दोन पलंग, ज्याच्या घरी आजारी माणूस त्यानं न्यावं, बरं वाटलं की आणून द्यावं, फुकट. मी खजिनदार आहे तोवर खुर्चीला भाडं नाही!

आता पैसा कुठून आणायचा? वर्गणी मागितली की वकील म्हणणार, "काका, पुढच्या महिन्यात बघू." डॉक्टर तर मला बघून रस्ताच बदलायचे. पण तुम्हाला सांगतो, वर्गणीला रडणारा माणूस दंड मात्र मिशीला पीळ देऊन भरतो... म्हणून मी नियम केला, सभेला उशीर झाला की दंड. झालं! वकील उशिरा, डॉक्टर त्याहून उशिरा, "काय करणार, कामंच संपत नाहीत," म्हणत खणकन पैसे पेटीत. कितीतरी वर्षं मंडळ या उशिरावर चाललं.

मग अध्यक्ष झाले निवृत्त हेडमास्तर. उशिरा येईल त्याला दाराशी उभं करायचे. मोठमोठी माणसं पोरासोरांसारखी वेळेवर यायला लागली, पेटीत खडखडाट, आणि त्यातच गवंड्याच्या आईकडे दिलेल्या खुर्चीचं चाक मोडलं. हेडमास्तर म्हणाले, "नाममात्र भाडं लावू. पुढच्या सभेत मतदान." मी म्हटलं, "त्या म्हातारीकडे भाडं मागायला कोण जाणार, तुम्ही?" खुर्चीला भाडं नाही म्हणजे नाही.

मतदानाच्या सभेला मी मुद्दाम उशिरा गेलो. खजिनदाराशिवाय पैशाचं मतदान घेणार कसं? पुढे ढकललं. मी दंड भरला, दाराशी ताठ उभा राहिलो. वकिलांना ते झोंबलं... खजिनदार आपल्यापेक्षा उशिरा येतो म्हणजे काय? पुढच्या वेळी ते माझ्या मागून, डॉक्टर त्यांच्याही मागून. शेवटी एकदा तर सगळे समोरच्या न्हाव्याच्या दुकानात एकमेकांवर डोळा ठेवून बसलेले, आणि हॉलमध्ये हेडमास्तर एकटे! ते आम्हाला शोधायला बाहेर आले, आम्ही मागच्या दारानं आत. सर्वांत शेवटी शिरले ते. मी पेटी पुढे केली. "सर, नियम तो नियम."

भरला बिचाऱ्यांनी.

चाक बसलं. गवंड्याची आई परत अंगणात येऊन सुनेच्या कामात खोट काढते. आणि मतदान? आता दंड गोळा करता करताच हॉलची वेळ संपते, गाण्याचा क्लास येतो, आम्हाला बाहेर काढतो. परवा बायकोनं विचारलं, "अहो, इतकी वर्षं सभेला जाता, तिथं करता तरी काय?"

काय सांगणार तिला... उशीर करतो!