तिसावं वल्हं

नायजेरियातल्या बुगुमा गावाच्या धक्क्यावर नेका बोटीची वाट बघत होती. पुढच्या बाकावर एका घराण्याचे म्हातारे प्रमुख आणि त्यांची नात आवोबा यांची जुंपली होती.

"आजोबा, आपली जुनी युद्धहोडी यंदा सणाला बायकांना द्या. आम्ही वल्हवतो."

"लोक हसतील गं."

"शेडमध्ये कुजतेय, तेव्हा हसत नाहीत होय? पोरं तर सगळी शहरात."

"काही नियम असतो."

"तुम्हीच सांगितलेला. जो होडीभर वल्हेकरी उभे करील, त्याची होडी, त्याचं घराणं."

"ते राजांच्या काळी, पामतेलाच्या व्यापारात."

"आपला मूळपुरुष तर बाजारातून विकत आणलेला गुलाम. धड आपली भाषा येत नव्हती. त्याला कुणी विचारलं, बाप कोण म्हणून?"

"नाही. त्याची वल्ही मोजली."

"मग आमची मोजा."

"तीस लागतात. आहेत किती?"

"एकोणतीस."

"मग नियमानं होडी मिळत नाही, बाईसाहेब."

नेका नदीच्या वरच्या मुलखातून लग्न होऊन आलेली. सहा वर्षं झाली, तरी तिनं तोंड उघडलं की सासरचे तिच्या उच्चारांना हसत. तरी ती बोललीच.

"मला येतं वल्हं मारायला." नेमकी 'वल्हं' म्हणतानाच जीभ घसरली.

म्हातारे वळून बघत राहिले.

"पुन्हा म्हण बघू."

तिनं म्हटलं. पुन्हा तसंच.

"आवोबा, उद्या भरतीला होडी पाण्यात काढा. आणि हिला सगळ्यांत पुढे बसव. आपला मूळपुरुषही 'वल्हं' असंच म्हणायचा म्हणे."