ओट्याची उंची

(पिंपळे गुरव, १९५७. जुन्या घराच्या मागच्या अंगाला नव्या स्वयंपाकघराच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. घरमालकीण सावित्रीबाई, तिची सून इंद्रायणी आणि गवंडी भैरू. मुलगा ज्योतीराम कंपनीत पाळीवर गेला आहे.)

भैरू : मामी, गाडीवाला बैल सोडायला तयार न्हाई. काळी कडप्पा फरशी उतरवू का शहाबादी, येक काय ते सांगा. त्याला अजून निगडी गाठायचीय.

सावित्रीबाई : काळी. काळ्यावर काजळी दिसत न्हाई.

इंद्रायणी : पीठ मात्र दिसतं.

सावित्रीबाई : मग शहाबादी घे. तुला पायजे ती घे बाई, पन बोल.

इंद्रायणी : आत्याबाई, आज नकोच. आठ दिवसांनी बघू.

सावित्रीबाई : आठ दिसांनी? भिंती झाल्या, कौलं चढली. आता अडलंय कुटं? चुलीपुढं बसून कंबर मोडती म्हनून तूच कुरकुरत हुतीस.

इंद्रायणी : होते. पण घाई कशाला?

सावित्रीबाई : पावसाळा काय तुज्यासाटी थांबंल? भैरू, काळी उतरीव.

भैरू : उतरवतो. पन आदी उंची ठरू द्या, म्हंजी मांडल्याल्या विटांवर थर चढवायला घेतो. वैनी, हितं भिंतीशी हुब्या ऱ्हावा. कोपराच्या जरा खाली खूण करतो.

इंद्रायणी : माझं माप नको. आत्याबाईंचं घे.

सावित्रीबाई : माजं? मी जन्मात हुब्यानं भाकर थापली न्हाई. आन मी ही येवढीशी. माज्या मापाचा ओटा केला तर तू वाकून वाकून मरशील.

इंद्रायणी : चालेल मला.

सावित्रीबाई : न्हाई चालायचं. हा खटाटोप कुनासाटी मांडलाय? मला काय, जुनी चूल बरी हुती. भैरू, मांडनी उजव्या भिंतीला आन चूल डाव्या अंगाला. ध्यानात हाय न्हवं?

भैरू : हाय की. पन मामी, समद्यांची उलटी असती. डाव्या अंगाला चूल म्हंजी अवघड जाईल.

सावित्रीबाई : तिला न्हाई जायचं. डावखुरी हाय ती. सात वरसं बघतीया मी, पळी घ्यायला हात फिरवून न्हेती.

इंद्रायणी : आत्याबाई...

सावित्रीबाई : काय?

इंद्रायणी : काही नाही.

सावित्रीबाई : सकाळधरनं ह्येच चाललंय. आत जाती, भाईर येती, भिंतीला हात लावती. काय झालंय? ज्योतीराम काय बोलला का?

इंद्रायणी : ते नाही बोलले. त्यांचा धीरच होत नाही.

भैरू : मी जरा बैलास्नी पानी दावून येतो.

सावित्रीबाई : थांब हितंच. बोल गं.

इंद्रायणी : कंपनीत त्यांना क्वार्टर मिळालीय. पिंपरीला, कॉलनीत. दोन खोल्या.

सावित्रीबाई : मिळाली म्हंजी? अशीच मिळाली? न मागता?

इंद्रायणी : अर्ज केला होता.

सावित्रीबाई : कवा?

इंद्रायणी : दिवाळीनंतर.

सावित्रीबाई : आन म्या शिमग्याला भिंत पाडली. बसला हुता की समूर. आई, मोरी मोठी कर, म्हनत हुता.

इंद्रायणी : तेव्हा मिळेल असं वाटलं नव्हतं.

सावित्रीबाई : त्याचा दोष न्हाई. पावसात नदी आडवी येती, सायकल डोक्यावर घिऊन पोरगं यायचं. रात्रपाळीला तर माजा जीव टांगनीला. कंपनीनंच म्हनलं आसंल, जवळ ऱ्हा.

इंद्रायणी : नाही. कंपनीनं नाही, त्यांनीही नाही. अर्ज करायला मी लावलं.

सावित्रीबाई : तू?

इंद्रायणी : मी.

सावित्रीबाई : मी काय उपाशी ठिवलं तुला? कवा हात उगारला?

इंद्रायणी : कधीच नाही. माहेरी गेले की मी तुमचं कौतुकच सांगते. पण आत्याबाई, मी मिठाची बरणी डावीकडं ठेवते, सकाळी ती उजवीकडं असते. सात वर्षं. तुम्ही काही बोलत नाही, मीही बोलत नाही. मी परत डावीकडं ठेवते.

सावित्रीबाई : बरनीपायी घर सोडतीस?

इंद्रायणी : बरणी कुठं ठेवायची ते एकदा तरी मला ठरवायचंय. वेडेपणा वाटेल तुम्हाला.

सावित्रीबाई : वाटतोय.

भैरू : मामी, गाडीवाला वरडतोय.

सावित्रीबाई : वरडू दे. त्या क्वार्टरीत ओटा हाय?

इंद्रायणी : आहे म्हणतात.

सावित्रीबाई : म्हनत्यात? तू बघितला न्हाईस?

इंद्रायणी : नाही. किल्ली सोमवारी मिळणार.

सावित्रीबाई : न बघताच निघाली. भैरू, काळी उतरीव. आन माजं माप घे.

भैरू : तुमचं? लई बुटका हुईल ओटा. उद्या वैनी सनासुदीला आल्या तर वाकावं लागंल.

सावित्रीबाई : आली तर वाकंल.

इंद्रायणी : आत्याबाई, तुमचे गुडघे... उभ्यानं जमेल का? सवय नाही तुम्हाला.

सावित्रीबाई : कोपराजवळ खूण कर रे. सरळ हुबी हाय मी.

भैरू : केली. आन चूल? उजव्या अंगाला घिऊ का आता?

सावित्रीबाई : ...डावीकडंच ऱ्हाऊ दे. विटा मांडल्यात की तू.

भैरू : विटा काय, काढायच्या नि लावायच्या.

सावित्रीबाई : डावीकडं म्हनलं ना! जा, गाडी मोकळी कर.

भैरू : गेलो, मामी.

इंद्रायणी : रागावा ना माझ्यावर. काहीतरी बोला.

सावित्रीबाई : बोलीन. ज्योतीराम यिऊ दे पाळीवरनं, दोगांस्नी मिळून बोलीन. सोमवारी जानार तितं, तर नव्या घरात दूध उतू घालवायला कोन हाय तुजं?

इंद्रायणी : कुणी नाही.

सावित्रीबाई : मग मंगळवारी जावा. सोमवारी माजा उपास असतो.